काश्का उठली

नारिन नदीच्या वरच्या अंगाला, जिथे वैशाखातही सावलीतला बर्फ हलत नाही, तिथे अनिपा राहायची. नवरा तुर्दाकुन होता तोवर गुरांचं सगळं तो ठरवायचा. कधी विकायचं, कधी कापायचं, डॉक्टरला बोलवायचं की नाही. अनिपा दूध काढायची, लोणी घुसळायची आणि मान डोलवायची. तो गेला तेव्हा गोठ्यात दुभती एकच उरली होती, काश्का.

काश्का रात्री व्यायली. कालवड झकास होती, वारही पडली. पण सकाळी अनिपा बादली घेऊन गेली तर गाय उठेना. बसल्या जागी मान कुशीवर टाकलेली, डोळे मंद. अनिपाने कान धरले. थंडगार.

धाकटा दीर असानाली शेजारीच राहायचा. हाक ऐकून तो आला, गायीभोवती एक फेरी मारली आणि सुरा आणायला वळला.

"वहिनी, ही जाणार. जीव आहे तोवर हलाल करू. मेली तर मांस कुत्र्यांच्या कामाचं."

"अहो भाऊजी, जरा थांबा तरी."

"थांबून काय होणार? डॉक्टर येईस्तोवर गाय असेल का? आणि त्याचं औषध अंगात गेलं, की मांस खायलासुद्धा बंदी. दादा असता तर आत्तापर्यंत कातडं काढलं असतं!"

ते खरंच होतं. तुर्दाकुन थांबला नसता. अनिपाने गायीच्या नाकाशी हात धरला. श्वास संथ होता, पण घरघर नव्हती.

"मी डॉक्टरला बोलावते," ती म्हणाली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

फोनला रेंज घरामागच्या टेकाडावरच मिळायची. ती धापा टाकत चढली. डॉक्टर कुबानने ऐकून घेतलं, मग विचारलं, "व्यायलीये कधी? कान थंड आहेत? मान कुशीकडे?"

"काल रात्री. आणि हो, सगळं तसंच!"

"आई, तिला आडवी पडू देऊ नका. आणि घशात काही ओतू नका, ठसका लागून मरेल. निघालोच मी."

ती खाली आली तेव्हा असानाली गायीला पाजायला तेलाची बाटली घेऊनच उभा होता.

"ठेवा ती खाली! पेंढ्याची पोती आणा, टेकू द्यायचाय."

दिराने तिच्याकडे बघितलं. मग बाटली ठेवून पोती आणली. दोघांनी गायीला टेकवून बसवलं, अंगावर जुना लोकरीचा नमदा घातला. असानाली कडेला बसून वाट बघू लागला, सुरा मात्र त्याने मांडीखालीच ठेवला.

कुबानची गाडी चिखल उडवत आली. "दूध भरपूर देणारीलाच हे होतं. रक्तातला चुना, म्हणजे कॅल्शियम, एकदम उतरतो," म्हणत त्याने मानेच्या शिरेत सुई घातली आणि बाटली उंच धरली. औषध थेंबाथेंबाने उतरू लागलं. मधूनमधून तो छातीला कान लावायचा. अनिपा टेकूची पोती धरून राहिली.

काश्काचं अंग थरथरलं. मग तिने मोठ्ठा ढेकर दिला, शेण टाकलं, आणि मागचे पाय टेकत, लडखडत, उभी राहिली!

"उठली! वहिनी, उठली की ओ!" असानालीच पहिल्यांदा ओरडला, आणि लहान पोरासारखा हसत सुटला.

 अनिपा तिथेच पेंढ्यावर बसली, हसली, डोळे पुसले.

"दोन दिवस कास पूर्ण रिकामी करू नका, नाहीतर चुना पुन्हा दुधात उतरेल," कुबान सांगत होता. "आणि पुन्हा अशी बसली, तर लगेच फोन करा."

"करते बाबा, करते. आता आधी आत चल, चहा घे."

कालवड धडपडत आईच्या कासेशी पोचली होती.