बाकावरचा कंपनीवाला

मुलांनो, तुमच्यासारखाच संगणकावर काम करणारा एक माणूस आमच्या कोपऱ्यावरच्या बागेत रोज सकाळी येऊन बसतो. रुमालानं बाक पुसतो, मग लॅपटॉप उघडतो. गळ्यात ओळखपत्र असतं, पण हिंजवडीच्या कंपनीची बस आली की ते शर्टाच्या आत सारतो. मला संशय आला. शेवटी विचारलंच, "आपली बस रोजच चुकते का?"

तो ओशाळला. "नोकरी गेलीय, आजी. मुलाखती देतोय."

"मग अडतंय कुठं?"

"जावा नावाच्या संगणकाच्या भाषेच्या सवयीपाशी. तिथं मूळ क्लासमधली मेथड, म्हणजे काम करायची कृती, त्याच्यावरून बनवलेल्या खालच्या क्लासनं नव्यानं लिहिली की नवीच चालते. सी प्लस प्लस या दुसऱ्या भाषेत मूळ क्लासनं तशी मुभा आधी लिहून ठेवावी लागते. नाहीतर मूळ क्लास समजून बोलावलं की जुनीच चालते. परवा मी सवयीनं 'नवी' म्हणालो आणि परत या बाकावर आलो."

मग आवाज खाली आणून म्हणाला, "संध्याकाळी हिरव्या शालीतल्या बाई इथं येतात ना, ती माझी आई. तिला सांगू नका."

त्याच संध्याकाळी त्या बाई माझ्याशेजारी टेकल्या. "लेक फार दमून येतो हो. कंपनी नुसती राबवून घेते."

"हो ना, चेहराच उतरलाय त्याचा," मी म्हणाले.

त्यांनी शाल सावरली आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"तुम्ही कधी पाहिलात त्याचा चेहरा?"