नजरबाईचं नाक

नजरबाई म्हणायचे तिला. खरं नाव दुकानातल्या एकालाही सांगता आलं नसतं. कपडे धुऊन, रफू करून द्यायचं दुकान, आणि मागच्या खोलीत खिडकीपाशी तिचं स्टूल. कोटाला कसर लागलेली असो की पँटला सिगारेटचं भोक, बाई त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून दोरे ओढून काढायची आणि एक वरून, एक खालून असं विणत जायची. भोक कुठं होतं ते गिऱ्हाईकाला शोधून सापडायचं नाही.

पण पन्नाशी उलटली नि त्या नजरेला चष्मा लागला. चष्मा कसला, वैरीच तो! दिवसभर मान खाली घालून काम, त्यामुळं घसरून सुईवर पडायचा. मग बाईनं काय करावं? घरीच बसून त्याच्या दांड्या वाकवल्या, चांगल्या करकचून. घसरायचा थांबला खरा, पण नाकाच्या दोन्ही बाजूंना वळ उठले. आधी लाल, मग काळे, मग कातडीच सोलवटली.

सून म्हणाली, "आई, नाकाला चिमटा लावून झोपता की काय?"

"हस गं बाई, हस. तुझं नाक अजून तुझं आहे. माझं चष्म्यानं बळकावलंय."

हसण्यावारी नेलं, पण आतून ती धास्तावली होती. नाक झोंबलं की सुई थांबायची. मलम झालं, कापूस झाला. शेवटी नाकावर टेकतात ना त्या बारक्या गाद्या, त्यांना तिनं मऊ लोकरीचा दोरा गुंडाळला. रफूवालीच ती, तिला दोऱ्यापलीकडं काय सुचणार! दोऱ्यात घाम मुरला, जखम चिघळली. वर काचा डोळ्यापासून लांब गेल्या, ते निराळंच.

एका दुपारी अगदीच सोसवेना, तेव्हा चष्मा काढून ठेवला. म्हणाली, बोटांना ठाऊक आहे सगळं. पण त्या दिवशी समोर दोन कोट होते, एक काळा, एक गडद निळा. दोन्हींचे दोरे शेजारी शेजारी कागदावर काढून ठेवलेले. बोटांना वीण कळते गं, रंग कुठला कळायला?

तिसऱ्या दिवशी मालक पडदा सारून आत आला, हातात निळा कोट. तिला दाराच्या उजेडात नेलं.

"हे काय आहे बाई?"

"रफू."

"रफू? ठिगळ आहे हे, ठिगळ! निळ्यावर काळं! गिऱ्हाईक तोंडावर टाकून गेलं माझ्या. दिसत नव्हतं का तुम्हाला?"

दिसत नव्हतं म्हणावं तर स्टूल जाणार. नाक दुखत होतं म्हणावं तर हसणार. बाई त्या ठिगळावरून बोट फिरवत राहिली, आणि स्टूल गेलंच.

"उद्यापासून बटणं लावा. खिडकीपाशी दुसरं कुणीतरी बघतो."

बटणं! तीस वर्षं रफू केलेल्या हाताला! घरी येऊन पाण्याचा घोट घेतला नाही तिनं. सुनेनं विचारून विचारून सगळं काढून घेतलं आणि हाताला धरून चष्मेवाल्याकडं नेलं.

"नाकाला रुतणार नाही असा दाखवा एखादा," बाई म्हणाली. "हलका."

चष्मेवाल्यानं नाकाकडं नुसती नजर टाकली. उठून तिच्या मागं गेला, केस बाजूला सारून कान बघायला लागला.

"अहो, दुखतंय नाक! तुम्ही चष्मेवाले की कानवाले?"

"बाई, या दांड्या कोणी वाकवल्या?"

"मीच."

"कानाच्या अलीकडंच वाकवल्यात. त्या मागं ओढतात आणि चष्मा नाकात घुसतो. नवा कशाला? हाच बसवून देतो."

आजार म्हशीला आणि औषध पखालीला, अशी गत झाली होती. त्यानं दांड्या गरम करून सरळ केल्या, कानाच्या वर जिथं वळण लागतं तिथं वाकवल्या. दोरा कापून टाकला, गाद्या नाकाला सपाट टेकतील अशा केल्या. बाईनं मान खाली घातली, हलवून पाहिली. पडला नाही. रुतला नाही.

"एवढंच होतं?"

"एवढंच."

आनंद व्हायचा सोडून रडूच आलं तिला. एवढ्याशासाठी नाव गेलं होतं.

सकाळी तिनं मालकाकडून तो निळा कोट मागून घेतला. काळा दोरा एकेक करून उसवला, शिवणीतून निळा काढला, संध्याकाळपर्यंत विणला. मालकानं उजेडात उलटासुलटा केला, बोट फिरवलं. काही सापडलं नाही.

"बसा खिडकीपाशी," म्हणाला.

महिन्याभरात नाक भरून आलं. वळ असा राहिला नाही. पण मालकानं तेव्हापासून एक मोठं भिंग आणून ठेवलंय. तिचं प्रत्येक काम तो दाराशी नेऊन, भिंग लावून दोरा न् दोरा बघतो, मगच गिऱ्हाईकाला देतो. बाकी कुणाचं बघत नाही.  तो कपडा खाली ठेवीपर्यंत ती पुढच्या सुईत दोरा ओवत नाही.