काळ्या छापलेल्या नद्या

सुभेदार गजभियेजींना काही सांगितलं की ते नुसतं 'हो' म्हणत नसत. आपण बोललेलं सगळं पुन्हा म्हणून दाखवत. "तास चार वाजता, वरच्या खोलीत, नकाशे मी आणायचे. बरोबर?" आपण 'बरोबर' म्हटल्याशिवाय ते जागचे हलत नसत. निम्मं आयुष्य फौजेत वायरलेस सेटसमोर गेलेलं. ही सवय पेन्शनीतही सुटली नव्हती. मला तिचा वैताग यायचा. खरं तर मला त्यांच्या सगळ्याचाच वैताग यायचा.

सुदामा नगरात सैन्यभरतीची तयारी करून घेणारा एक क्लास आहे. मी तिथे भाषा शिकवतो. एम.ए. करून सोलापूरहून इंदूरला आलो तो इथेच रुजलो. गजभियेजी महूचे, वडील आणि आजोबाही फौजेतले. आठवड्यातून दोनदा येऊन ते लष्करी शब्द, वायरलेसची भाषा आणि नकाशावरच्या खुणा शिकवत. त्यांच्या तासाला मुलं खिडकीत दाटीवाटीने बसायची. माझ्या तासाला खिडकीबाहेर बघायची.

"रॉजर म्हणजे सुन लिया," ते बजावत. "मान लिया नाही हं! मानलं असेल तर विल्को म्हणायचं. हा फरक ज्याला समजला नाही, त्याने सेटला हात नाही लावायचा." मग मुलं दिवसभर एकमेकांना रॉजर-विल्को करत हिंडायची. माझे समास कुणी जिन्यापर्यंतही नेत नसे.

संचालकांनी या सगळ्याचं एक संदर्भपुस्तक काढायचं ठरवलं. 'तुमची भाषा चांगली' म्हणून लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. गजभियेजींनी आपली जाडजूड वही सरळ माझ्या हातात ठेवली. "जे पाहिजे ते घ्या सर. नाव तुमचंच टाका, मला काय करायचंय नावाचं?" या बोलण्याने तर मी आणखीच जळलो. ज्याच्यासाठी माझा जीव तळमळत होता ते त्यांना नकोच होतं! प्रुफं त्यांच्या नजरेखालून घाला, असं संचालक दोनदा म्हणाले. मी घातली नाहीत. ऱ्हस्व-दीर्घ मात्र चार वेळा तपासले.

पुस्तक आलं त्या दुपारी गजभियेजी एकाच पानावर बराच वेळ थांबले. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "सर, बुरा नका मानू. यात सगळ्या नद्या सुकल्यात."

नकाशात वाहती नदी निळी, कोरडी काळी. आपली तुकडी निळी, दुश्मनाची लाल. वहीत त्यांनी रंगीत पेन्सिलींनी सगळं नीट काढलेलं होतं, आणि मी छापखान्याला रंगाविषयी अवाक्षर सांगितलं नव्हतं. माझ्या पुस्तकात नद्या, आपण, दुश्मन, सगळेच काळे ठिक्कर.

"एवढं मुलांना कळतं," मी फटकन बोललो.

"एवढं मुलांना कळतं. रॉजर," ते म्हणाले. विल्को म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या वर्गाच्या दाराशी थबकलो. संचालक मागे उभे होते. मुलांच्या हातात निळ्या-लाल पेन्सिली, पुढ्यात माझं पुस्तक, आणि गजभियेजी सांगत होते, "सरांनी मुद्दाम काळं छापलंय. रंग तुम्ही भरायचे. हाताने भरलं की भेज्यात पक्कं बसतं. मान गए सरांना!"

संचालकांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मी थोपटून घेतली. गजभियेजींनी माझी चूक काढली तेव्हाही आला नव्हता इतका त्यांचा राग मला या क्षणी आला. पुस्तकावर नाव माझं लागलं होतं, पण मोठेपणा त्यांच्याकडेच राहिला होता.

पुढे तीन वर्षं आम्ही एका टेबलावर चहा प्यायलो. हा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. गेल्या हिवाळ्यात ते अचानक गेले. शोकसभेला त्यांची एक विद्यार्थिनी वर्दीत आली होती. ती म्हणाली, "गजभिये सर हमेशा सांगायचे, शिकवायचं कसं ते या सरांकडून शिका. रंग भरायची आयडिया त्यांची होती." तिने माझ्याकडे हात केला. सगळे वळले. पुढे बसलेल्या गजभियेवहिनींनी मला नमस्कार केला. उठून खरं काय ते दोन वाक्यांत सांगायचं होतं. उठवलंच नाही. मीही हात जोडले.

महिनाभर ते मनात सलत राहिलं. शेवटी एका रविवारी वहिनींकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं: वही, प्रुफं, नद्या, शोकसभेतलं गप्प बसणं.

"मला माहीत आहे ना सर," त्या म्हणाल्या. "त्यांनी मुलांना पेन्सिली दिल्या त्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणाले, सर कभी ना कभी घरी येतील सांगायला. आले की समजावत बसू नको, चांगला चहा कर."

त्या उठून आत गेल्या. मी डोळे पुसत बसलो होतो, आणि तेव्हाही मला त्या माणसाचा हेवाच वाटत होता.