भजनांमधली धमकी

नव्या पेठेतला आमचा कॅसेटवाला भजनं स्वतः भरून विकायचा. दर भजनानंतर टेपवर तोच खणखणीत ओरडायचा, "नक्कल कराल तर पाप लागंल!" एवढ्यानं चोर घाबरतील, याची त्याला खात्री होती.

एकदा माझ्यासमोर मंगळवेढ्याच्या एक बाई कॅसेट परत घेऊन आल्या. "तुमच्या वरडण्यानं सासूबाई दचकत्यात. आमच्या बाजारात नक्कल मिळती, तिच्यात वरडणं न्हाय. तसली द्या की!"

मग दुकान बंद करून त्यानं मंगळवेढ्याची एसटी धरली. मला वाटलं, भांडायला गेला.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर मूळ टेपवरचं ओरडणं पुसता येईना, म्हणून तो ती नक्कलच विकत आणून तिच्यावरून नव्या कॅसेट भरत होता.

"लई सफाईनं काढलंय बगा," तो कौतुकानं म्हणाला.