पाच वाट्या, चार पेले

माझ्या मुलीने अमेरिकन फुटबॉल माझ्याकडून शिकायला हवा होता. तो माझा हक्क होता, असं मी चार वर्षं मनात घोकत होतो. मला फुटबॉल येत नव्हता, ही गोष्ट वेगळी.

तिला तो शिकवला माझ्या मित्राने. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही दोघं एका खोलीत राहिलो. पुढे तो एमएस करायला टेक्ससमध्ये आला आणि इथलाच झाला. मी पंधरा वर्षांनी, २००१ साली, कंपनीच्या व्हिसावर बायको-मुलीला घेऊन टेक्ससमधल्याच प्लेनोत उतरलो. त्याने लग्न केलं नव्हतं. संसार काय तो आपल्या युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमशी. सीझन सुरू झाला की दर शनिवारी दुपारी आम्ही त्याच्याकडे. बायको दोनदा आली आणि "तुमचे ते रेडे तुम्हालाच लखलाभ" म्हणून तिने येणं बंद केलं.

मॅचआधी अर्धा तास त्याचा एक विधी असे. जेवणाच्या टेबलावर तो पाच वाट्या पालथ्या मांडायचा. ती ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे चेंडूवाल्याला राखणारे पाच धिप्पाड गडी. त्यांना भिडवून चार पेले. ती डिफेन्सिव्ह लाइन, म्हणजे ती भिंत फोडणारे. मग तो आणि माझी मुलगी डोक्याला डोकं लावून एकेक वाटी आणि एकेक पेला तपासायचे. कोण कुणाला भारी, कुठून फट पडणार.

"काका, आपला लेफ्ट टॅकल वीक आहे यार," ती डाव्या टोकाच्या वाटीवर बोट ठेवून म्हणायची.

घरी मला तिच्याकडून तीनच शब्द मिळायचे, येस, नो आणि फाइन. इथे हिच्या तोंडाचा पट्टा थांबत नसे. मी सोफ्यावर लॅपटॉपच्या आडून बघत बसायचो आणि जळायचो. हो, जळायचोच, दुसरा शब्द नाही त्याला. सायकल शिकवली मी, पोहायला नेलं मी, दातांच्या तारा घट्ट करायला दर महिन्याला घेऊन गेलो मी, आणि आयत्या बिळावर नागोबा हा! वाट्या कुठल्या टीमच्या आणि पेले कुठल्या टीमचे, एवढंही विचारायला माझी जीभ रेटत नव्हती.

पहिल्या वर्षी तिने मला बोलावलं होतं, हेही सांगायला हवं. "बाबा, इथे बस ना," म्हणाली होती. मी म्हणालो, "चेंडूला धड पाय लावत नाहीत आणि म्हणे फुटबॉल." आणि ऑफिसचं ईमेल उघडलं. तिने पुन्हा बोलावलं नाही.

तिच्या हायस्कूलच्या शेवटच्या वर्षी तिने जाहीर केलं की ती काकाच्याच कॉलेजला जाणार. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हातात एक सीझन उरला होता. वर्षातली सगळ्यात मोठी मॅच तोंडावर आली, तसा मीही हट्टाला पेटलो. आठवडाभर लंच अवरमध्ये डबा एका हाताने खात मी दोन्ही टीमच्या माणसांची माहिती गोळा केली. उंची, वजन, कितव्या वर्षाला आहे, मागच्या मॅचेस. राखीव खेळाडूसुद्धा सोडले नाहीत. एक्सेलमध्ये बसवलं, सरासरी काढली, भारी तिथे हिरवा रंग, हलका तिथे लाल. शुक्रवारी ऑफिसच्या कलर प्रिंटरवर दोन पानं काढली, एकावर दोन्ही टीमच्या ऑफेन्सिव्ह लाइन शेजारी शेजारी, दुसऱ्यावर दोन्ही डिफेन्सिव्ह.

शनिवारी वाट्या मांडायच्या आधीच मी ती टेबलावर ठेवली.

"आपली ऑफेन्सिव्ह लाइन त्यांच्यापेक्षा सरासरी नऊ पाउंडांनी भारी आहे," मी म्हणालो. "मॅच आपली."

दोघं वाकली. मित्राच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि तो घाईने म्हणाला, "अरे वा, केवढं काम केलंयस!" या कौतुकाचाच मला संशय आला.

मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, दे नेव्हर प्ले ईच अदर."

"म्हणजे?"

"तू आपली ऑफेन्स त्यांच्या ऑफेन्ससमोर ठेवलीस. ते दोघं मैदानावर एका वेळी नसतातच. आपले पाच त्यांच्या त्या चौघांना भिडतात."

"क्रिकेटवाला आहे गं तो," मित्र म्हणाला. "मॅचआधी आपण बॅटिंगला बॅटिंग लावतो आणि बोलिंगला बोलिंग. मीही पहिल्या वर्षी हेच केलं होतं."

त्याने मला सांभाळून घेतलं, ते जास्त झोंबलं. हसला असता तर परवडलं असतं. मी पाणी प्यायच्या निमित्ताने मागच्या अंगणात गेलो, आणि ग्लास आतच विसरलो.

परत आलो तर मुलीने दोन्ही पानं मधोमध कापली होती. अर्ध्यांची अदलाबदल करून ती चिकटपट्टी लावत होती. आता आपली ऑफेन्स त्यांच्या डिफेन्ससमोर आली होती.

"डेटा परफेक्ट आहे, बाबा," ती मान वर न करता म्हणाली. "राखीव लोकांची वजनं कुठून मिळवलीस? काकाकडे ती कधीच नसतात." आणि पायाने शेजारची खुर्ची बाहेर ढकलली. मी बसलो.

ती मॅच आम्ही हरलो. पुढच्या ऑगस्टमध्ये ती गेली. शनिवारी आम्ही दोघंच उरलो, एक सोफ्यावर, एक टेबलाशी. पहिल्या मोठ्या मॅचला मित्राने सवयीने वाट्या मांडल्या. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. स्टेडियममधून तीच होती. तिने त्याला फोन केला, मला नाही. त्याचा चेहरा उजळला होता.

"बोल गं! काय म्हणतेय आपली लाइन?"

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "हो, आहे ना. देतो." आणि फोन माझ्याकडे केला.

"बाबा, तू फोन का उचलत नाहीयेस? त्यांच्या ऑफेन्सिव्ह लाइनमधला राइट गार्ड जखमी होऊन बसलाय, राखीव खेळतोय. वजन किती त्याचं? लवकर!"

माझा फोन गाडीतच राहिला होता. याही मॅचचा तक्ता मी केला होता, वजन मला तोंडपाठ होतं. मी सांगितलं, ती म्हणाली, "लव्ह यू, बाय," आणि बंद.

फोन परत द्यायला मी वळलो. मित्र मॅच सुरू व्हायच्या आधीच वाट्या एकात एक घालून उचलत होता. माझ्याकडे बघायचं तो टाळत होता. तसं तोंड करून मी त्याच्याच सोफ्यावर चार वर्षं बसलो होतो.

मी लॅपटॉप मिटला आणि म्हणालो, "ठेव त्या. मला दाखव, फट कुठे पडणार."