एकच प्रत

१४ मे, गुरुवार. आज मंगला बोरकर यांची खोली रिकामी करायची आहे. चार खोकी, एक चिकटपट्टी, आणि पाचच्या आत किल्ली परत. हे काम मी मागून घेतलेलं नाही. डीनच्या ऑफिसातून मेल आली : ‘तुम्ही दोघी एकाच भाषेच्या, त्यामुळे त्यांचे कागद तुम्हालाच कळतील. वर्गनिरीक्षणाच्या जुन्या नोंदी सापडल्या तर कृपया वेगळ्या ठेवाव्यात.’ म्हणजे बाई नोकरी सोडून गेल्या तरी यांचा विश्वास बसलेला नाही. नोंदी नाहीत, मी ठेवतच नाही, असं त्या घसा कोरडा करून सांगत होत्या. मी कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात कोरे पिवळे पॅड, मधल्या कप्प्यात पेन्सिली आणि चिवड्याचा डबा. वरचा कप्पा रिकामा. लिहिलेला एकही कागद नाही. मी जमिनीवर बसले आणि इतकी चिडले, की मला चिकटपट्टीचं टोक सापडेना.

मंगलाताई शिकागोजवळच्या आमच्या युनिव्हर्सिटीत प्राध्यापकांना शिकवायला शिकवत. हे सांगितलं की आपल्याकडचे लोक हसतात. प्राध्यापकांना काय शिकवायचं? पण इथे डॉक्टरेट मिळाली की माणसाला शंभर मुलांसमोर उभं करतात, आणि शिकवायचं कसं हे त्याला आयुष्यात कुणीही सांगितलेलं नसतं. मलाही नव्हतं. मंगलाताई अकोल्याच्या. तिथे मुलींच्या शाळेत बारा वर्षं विज्ञान शिकवून, नवऱ्याच्या नोकरीमागे इकडे आल्या आणि पुन्हा पहिल्यापासून शिकल्या. इंग्रजी स्वच्छ, सावकाश. माझ्याशी मात्र थेट वऱ्हाडी. मी सांगलीची, त्यामुळे पहिल्या महिन्यात मला त्यांचं इंग्रजीच जास्त कळायचं.

आपण बोलावलं तरच त्या वर्गात येत. शेवटच्या रांगेत बसत, आणि खुर्ची आडवी करून घेत. तोंड फळ्याकडे नाही, मुलांकडे. माझ्या वर्गात त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा पन्नास मिनिटांत त्यांनी माझ्याकडे चारदासुद्धा पाहिलं नसेल. मी पाण्यातल्या धातूंवर संशोधन करते, त्याच विषयाचा वर्ग होता आणि मी फार छान बोलत होते. तास संपल्यावर त्यांनी पॅडवरचा कागद फाडून माझ्या हातात दिला. त्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं : ‘१०.१२, खिडकीजवळची मुलगी हात वर करते, तू फळ्याकडे. १०.१४, परत. १०.२०, तिने वही मिटली.’ असंच खालपर्यंत. शेवटी शेरा नाही, गुण नाहीत.

‘मग सुधारायचं काय, तेही लिहा ना,’ मी म्हटलं. मला राग आला होता.

‘ते मी काहून सांगू? त्या खिडकीतल्या पोरीले विचार.’

‘आणि माझं शिकवणं कसं झालं?’

‘मास्तराकडं काय पायायचं वं? तो तं बोलूनच रायला. आयकणाऱ्याकडं पाय.’ ‘पाय’ म्हणजे पाहा, हे मला तेव्हाच कळलं.

मी त्या मुलीला विचारलं. पहिल्या आठवड्यात मी फळ्यावर काढलेली एक खूण तिला कळली नव्हती, आणि मी तीच खूण पाच आठवडे वापरत होते. वर्गातल्या निम्म्या मुलांना ती कळली नव्हती. पंधरा वर्षांत हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. दर सत्राच्या शेवटी मुलं फॉर्म भरतात, त्यात मला पाचपैकी चार मिळत होते आणि मी खूश होते.

कागदाबद्दल त्यांचा नियम एकच होता. प्रत एक, ती शिकवणाऱ्याची. फोटो काढायचा नाही, फाइल करायची नाही, विभागप्रमुखांनी मागितली तरी द्यायची नाही. म्हणून लोक त्यांना बोलवत. विशेषतः दर वर्षी करार नवा करून घेणारे लेक्चरर, ज्यांना चूक परवडत नाही. आमच्यासारख्या कायम झालेल्यांना बोलवायची गरज वाटत नसे, आणि ती सगळ्यात जास्त आम्हालाच होती.

त्यांचं दुसरं काम म्हणजे प्राध्यापकांना लोकांशी बोलायला लावणं. त्यासाठी युनिव्हर्सिटीने एक स्टुडिओ बांधला होता. मंगलाताई तिथे पाऊलही टाकत नसत. शनिवारी त्या आम्हाला देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर नेत, मिठाईच्या दुकानासमोरच्या बस स्टॉपवर. नियम सोपा : दोन्ही हातांत पिशव्या असलेल्या माणसाला आपलं संशोधन सांगायचं, त्याची बस येईपर्यंत. मला एक हैदराबादी काकू मिळाल्या. मी जुन्या घरांतले शिशाचे पाइप, नमुने, पातळ्या असं सगळं सांगितलं. काकूंनी पिशव्या खाली ठेवल्या, शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘तो पानी पीना कि नहीं?’ मी म्हटलं, त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. बस आली. काकू चढल्या. दारातून मागे वळून मला म्हणाल्या, ‘बेटा, और पढ़ो.’

मंगलाताई बाकावर बसून हसत होत्या. ‘पंधरा वर्षं काय केलं वं तू? हो का नाई, एवढंच तं इचारलं तिनं.’

त्यातून मी एका पानाचं पत्रक केलं. कोणत्या घरात पाइप तपासून घ्यायचा, कुठे फोन करायचा, तोवर काय करायचं. इंग्रजी, हिंदी, गुजराती, उर्दू. मंगलाताईंनी ते अकरा वेळा परत केलं. किराणा दुकानांनी ते काउंटरवर लावलं. त्या वर्षी मला जितके फोन आले तितके माझ्या सगळ्या निबंधांना मिळून वाचक नसतील. वार्षिक अहवालात मात्र त्यासाठी एकच रकाना होता : ‘इतर’.

आता माझ्या चुकीकडे येते.

गेल्या ऑगस्ट-डिसेंबरच्या सत्रात डीनना लेक्चररांची संख्या कमी करायची होती. कुणाला ठेवायचं, कुणाला नाही, यासाठी त्यांना ‘पुरावा’ हवा होता. त्यांनी मंगलाताईंकडे नोंदी मागितल्या. मंगलाताई म्हणाल्या, नाहीत. मग डीन म्हणाले, यापुढे छापील फॉर्मवर लिहा आणि एक प्रत आमच्याकडे. त्या म्हणाल्या, जमणार नाही. लगेच एक समिती बसली : मंगलाताई चालवतात ते प्राध्यापक-प्रशिक्षणाचं केंद्र हवं की नको. समितीत मी होते. मला वाटलं, आपण आहोत तर ताईंना काही होऊ देणार नाही.

तिसऱ्या बैठकीत कुणीतरी विचारलं, या बाई नेमकं करतात काय? कुणालाच नीट सांगता येईना. मी शास्त्रज्ञ आहे. माझ्याकडे नमुना होता. मी बॅगेतून माझा पिवळा कागद काढला, १०.१२ ची मुलगी, १०.२० ची मिटलेली वही, आणि अभिमानाने टेबलावर ठेवला. बघा, म्हटलं, हे इतकं उपयोगाचं असतं.

डीननी तो वाचला. दोनदा वाचला. ‘फारच छान,’ ते म्हणाले. ‘म्हणजे असे कागद अस्तित्वात आहेत तर. आणि ते प्रत्येक लेक्चररच्या घरी आहेत.’

दुसऱ्याच आठवड्यात सगळ्या लेक्चररांना पत्र गेलं : कागद ‘स्वेच्छेने’ सादर करावेत. जो करणार नाही त्याची नोंद घेतली जाईल. स्वेच्छा या शब्दाचा इतका निर्लज्ज वापर मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

मी मंगलाताईंना जाऊन सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, ‘कागद तुहा होता, तू देल्ला. मी काय बोलू?’ मग थोड्या वेळाने, ‘पण आता मले वर्गात कोण येऊ देईन, रेखा?’

कुणीच नाही. त्या आठवड्यात तिघांनी निरोप पाठवले, सध्या नको. पुढच्या आठवड्यात उरलेल्यांनी. फेब्रुवारीत मंगलाताईंनी राजीनामा दिला आणि एप्रिलमध्ये मुलाकडे बेलव्ह्यूला गेल्या. केंद्राच्या जागी आता एक ऑनलाइन कोर्स आला आहे. सहा व्हिडिओ, प्रत्येकानंतर पाच प्रश्न, शेवटी सर्टिफिकेट. मी तो चहा करता करता पूर्ण केला. मला शंभर टक्के मिळाले.

आणि डॅनियलला गेल्या आठवड्यात पत्र मिळालं. डॅनियल गणित शिकवतो, सत्राला चार वर्ग. त्याने घाबरून कागद दिला होता. पत्रात लिहिलं आहे : ‘मागच्या तीन रांगांपर्यंत पोहोचण्यात अपयश.’ करार संपला. हे ऐकून मी त्याच्या विभागात चौकशी केली. तो कागद दोन वर्षांपूर्वीचा आहे. मंगलाताईंनी लिहिलं होतं, मागच्या तीन रांगांना ऐकू जात नाही. त्यानंतर डॅनियल फळा सोडून रांगांमधून फिरत शिकवायला लागला, आज त्याच्या वर्गात मागची जागा मिळायला मुलं लवकर येतात. कागद होता तो दुरुस्तीसाठी. दुरुस्ती झाली, आणि मोडतोडीची यादी दाखवून माणसाला घरी पाठवलं.

साडेतीन वाजता मी त्या रिकाम्या खोलीतून बेलव्ह्यूला फोन लावला.

‘कपाट उघडलं,’ मी म्हटलं. ‘काही नाही.’

‘मी सांगतलं होतं ना बापा. चिवडा असन पाय तिथं.’

‘आहे. फेकू?’

‘फेकतं काहून? खाय.’

मी त्यांना डॅनियलचं सांगितलं. मागे नातवाचा आवाज येत होता, ‘आज्जी, कम ऑन!’ त्या त्याला ‘थांब रे’ म्हणाल्या. मग मला विचारलं, ‘पयला कागद कोणी देल्ला, त्याले माहीत हाये का?’

‘नाही. लेक्चररांपैकी कुणालाच नाही.’

‘मंग सांगन कोण? मी तं नाई सांगणार.’

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. त्या बाईंनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. सहा महिने झाले, दिला नाही. याचा मला डीनइतकाच राग येतो. दोष दिला असता तर मी भांडले असते, रडले असते आणि मोकळी झाले असते. त्यांनी माझ्यासाठी तेवढीही सोय ठेवली नाही. मी खोकी बंद केली, किल्ली परत केली आणि डीनच्या सेक्रेटरीला सांगितलं, नोंदी सापडल्या नाहीत. ती म्हणाली, नक्की? मी म्हटलं, कपाट तिथेच आहे, जाऊन बघा.

१५ मे, शुक्रवार. आज सकाळी आठला मी लेक्चररांच्या खोलीत गेले. सहा जणांत तीन टेबलं. डॅनियल एकटाच होता, पेपर तपासत होता. मी दार लावलं आणि उभ्या उभ्या सांगितलं : समितीत पहिला कागद ठेवला तो मी. तुझा मागितला गेला तो त्यामुळे. अपिलाची मुदत आज संध्याकाळपर्यंत आहे, आणि समितीत काय झालं हे लिहून द्यायला मी आले आहे.

त्याने पेन खाली ठेवलं. ‘आणि हे तू मला आज सांगतेस?’

‘हो.’

‘मुदत संपायच्या दिवशी.’

‘हो.’

मी मान खाली घातली नाही, माफीही मागितली नाही. मागितली असती तर ती देण्याचं कामही त्याच्याच गळ्यात पडलं असतं. त्याने समोरच्या खुर्चीवरचा पेपरांचा गठ्ठा उचलून जमिनीवर ठेवला.

‘बस,’ तो म्हणाला. ‘नऊला मला वर्ग आहे. माझ्याशी गप्पा मारायच्या नाहीत. फक्त लिही.’

मी बसले, लॅपटॉप उघडला, वर माझं पूर्ण नाव आणि हुद्दा टाकला, आणि नऊच्या आत दोन पानं लिहून सही केली.