सुरू झालेलं बांधकाम

लेखानुदान सर वर्षातून एकदाच बूट घालत. फेब्रुवारीच्या शेवटी, दिल्लीत देशाचा अर्थसंकल्प मांडला जाई त्या दिवशी. एरवी बारा महिने त्यांच्या पायात टायरच्या तळाची चप्पल असे. त्या दिवशी मात्र काळे, चकचकीत, टाचेला लागणारे बूट घालून ते जरासे लंगडतच वर्गात येत. टेबलावर ट्रान्झिस्टर ठेवून अकरा वाजता भाषण लावत आणि भाषण संपेपर्यंत खुर्चीत बसत नसत. एकदा कुणीतरी विचारलंच, "सर, बूट काहून?" सर म्हणाले, "आज देशाच्या घरी बैठक आहे. बैठकीला चपलेनं जाऊ नये."

लाखांदूरच्या कॉलेजात ते आम्हाला राज्यशास्त्र शिकवत. त्यांचं गाव अर्जुनीकडचं. जिल्ह्याचे दोन जिल्हे झाले तेव्हा त्यांचं घर रेघेच्या पलीकडे, गोंदियात गेलं आणि कॉलेज अलीकडे, भंडाऱ्यात राहिलं. "माझं काही हललं नाही, पण मी तुमचा परदेशी प्राध्यापक झालो," असं ते दर वर्षी नव्या मुलांना सांगत आणि दर वर्षी स्वतःच आधी हसत.

मी दिघोरीहून एसटीनं येत असे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, म्हणून पहिल्या दिवशी मी शेवटच्या बाकावर अंग चोरून बसले होते. सर आले आणि हजेरी न घेताच म्हणाले, "समजा, देशाचं बजेट पास झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी काय होईल?"

"सुट्टी!" मागून एक मुलगा ओरडला.

सगळे हसले. सर हसले नाहीत. "बरोबर. अमेरिकेत तेच होतं," ते म्हणाले. त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा कळलं, की एवढ्या मोठ्या देशात कधीकधी बजेट अडलं म्हणून सरकारी कचेऱ्या बंद पडतात, बागांच्या फाटकांना कुलपं लागतात, आणि ज्यांचं काम थांबवता येत नाही ते त्या दिवसांत बिनपगारी काम करतात. मग सरांनी खडू घेऊन फळ्यावर एकेक देश मांडला. इंग्लंडमध्ये संसदेनं सरकारला पैसा नाकारला, की सरकारच घरी जातं. आपल्या लोकसभेतही रीत तीच. चिलीत संसदेनं मुदतीत काही ठरवलं नाही, तर राष्ट्राध्यक्षानं मांडलेलंच लागू होतं. "बोलायच्या वेळी बोलले नाहीत, आता सासरा म्हणेल ते!" स्पेनमध्ये मागच्या वर्षीचं बजेट आपोआप पुढं चालतं. बेल्जियममध्ये दर महिन्याला मागच्या वर्षाचा बारावा हिस्सा.

शेवटी जर्मनी. जर्मनी आली की सरांचं पुस्तकी मराठी सुटे आणि आमच्या झाडीपट्टीची बोली बाहेर येई. "तिथं म्हणतेत, बजेट नाही झालं तरी जे चालू हाये ते चालूच ठेवा. नवं काही काढू नका. पण जे बांधकाम सुरू झालं, ते थांबवू नका. काहून? अर्ध्या भितीवर पाऊस पडला त भीत जाते!" आमच्यातल्या बहुतेकांची घरं मातीची होती. अर्ध्या भिंतीवरचा पाऊस म्हणजे काय, हे आम्हाला जर्मनांहून जास्त कळत होतं.

त्यांना लेखानुदान सर हे नाव कुणी ठेवलं, ते ठाऊक नाही. नवं बजेट मंजूर व्हायला वेळ लागणार असला, की थोड्या महिन्यांच्या खर्चापुरती परवानगी संसदेकडून आधीच घेतात, ती म्हणजे लेखानुदान. हा त्यांचा सर्वांत आवडता शब्द. पण त्या शब्दावर खरा शिक्का मारला तो माझ्या वडिलांनी. मी घरी मोठ्यानं वाचत असे, तेव्हा बाबांच्या कानावर तो सारखा पडे. विहिरीचं अनुदान, पंपाचं अनुदान हे त्यांना माहीत होतं. एक दिवस बाजाराला आले असताना ते सरळ कॉलेजात शिरले आणि व्हरांड्यात सरांना हात जोडून म्हणाले, "सर जी, हे लेखानुदान कोणत्या हापिसात भेटते? फारम असन त एक द्या."

मी खांबाआड उभी होते. जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं, असं मला झालं. पण सरांनी बाबांना बाकावर शेजारी बसवलं. म्हणाले, "धानाच्या रोवण्याच्या बाया सकाळी बांधीतल्या चिखलात उतरतात. जेवणाले वेळ असते. तोवर तुम्ही त्यायले उपाशी ठेवता का जी?"

"नाही जी. न्याहारी देतो."

"जेवण म्हणजे बजेट. न्याहारी म्हणजे लेखानुदान."

बाबा विचार करून म्हणाले, "म्हणजे फारम नसते." आणि टोपी सारखी करून निघाले. पुढच्या प्रत्येक वर्षी सर ती व्याख्या शिकवत आणि सांगत, "ही दिघोरीच्या एका शेतकऱ्याची व्याख्या आहे." स्वतःचं नाव त्यांनी कधी लावलं नाही.

दुसऱ्या वर्षाच्या चाचणी परीक्षेत सरांनी तोच प्रश्न घातला. अर्थसंकल्प मंजूर झाला नाही तर निरनिराळ्या देशांत काय होतं? मला चारच देश आठवले. वेळ उरला होता. मग मी पाचवा लिहिला: दिघोरी. लिहिलं, की दिघोरी हा देश नाही हे मला ठाऊक आहे, पण आमच्या गावच्या तलावाच्या पाण्याची पाळी दर वर्षी बैठकीत ठरते. ज्या वर्षी भांडणामुळे ती ठरत नाही, त्या वर्षी पाणी बंद करत नाहीत. मागच्या वर्षीची पाळी चालवतात, कारण धान भांडण मिटायची वाट पाहत नाही.

सरांनी ते उत्तर वर्गात वाचून दाखवलं. मुलं हसून लोटपोट झाली आणि त्यानंतर मला 'दिघोरीची राजदूत' म्हणू लागली. पण समासात लाल शाईनं सरांनी लिहिलं होतं, 'पाचवा देश सर्वांत चांगला.' तो पेपर मी अजून जपून ठेवला आहे.

तलावाची ही रीत मात्र आमच्या घराच्या उंबऱ्याच्या आत चालत नसे. घरी अक्षय तृतीयेला वर्षाची बैठक बसे. कोणत्या बांधीत कोणतं बी, कुणाचं लग्न, कुणाची शाळा, सगळं त्या दिवशी ठरायचं. बाबांचे थोरले भाऊ, आमचे मोठे बाबा, हे बैठकीचे प्रमुख. त्यांचा नियम एकच होता: ठरलं नाही ते बंद. अंगणाला लागून असलेल्या परसात एक अर्धी खोदलेली विहीर होती. ती आणखी खोल करायची की जागा बदलायची, यावर एका वर्षी एकमत झालं नाही, म्हणून काम बंद पडलं. तिच्यात गवत माजलं होतं आणि शेळी पडू नये म्हणून भोवती काट्या टाकल्या होत्या.

त्या वर्षी बैठकीत विषय निघाला माझा. मोठे बाबा म्हणाले, "दोन वर्सं झाले. लिहा-वाचाले येते. आता कायले पाहिजे? रोवण्याले घरची पोट्टी नाही, आन मजूर शोधत फिरा." चुलीजवळून आई म्हणाली, "एकच वरीस राह्यलं." बाबा जमिनीकडे पाहत राहिले. आजीनं दोघांचीही बाजू घेतली. दुपार झाली, जेवणं थंड झाली आणि बैठक उठली. ठरलं काहीच नाही. म्हणजे बंद.

कॉलेज उघडलं. सकाळची एसटी आमच्या घरावरून हॉर्न वाजवत जायची, तेव्हा मी भांडी घासत असायची. आठ दिवस गेले. फीची मुदत महिनाअखेरीपर्यंत होती. माझी पुस्तकं आईनं पिठाच्या डब्यामागे ठेवली होती. फेकली नव्हती, पण काढलीही नव्हती.

एका रविवारी सकाळी अंगणात कुणीतरी आलं. मी आतून पाहिलं तर आधी दिसले ते बूट. काळे, चकचकीत. जून महिना होता. दिल्लीत त्या दिवशी काहीच नव्हतं.

"या जी सर," बाबा गडबडून उठले.

सर खाटेवर बसले. चहा घेतला. पाऊस, धानाच्या रोपांचे पऱ्हे, खताची टंचाई, सगळ्यांवर बोलले. माझं नाव काढलं नाही. मग मोठ्या बाबांकडे वळून म्हणाले, "तलावाच्या पाण्याचं तुम्हीच पाहता म्हणतेत."

"हाव. दहा-बारा वर्सं झाले."

"मागं एका साली पाळी ठरलीच नव्हती म्हणे?"

"ठरन कशी जी? वरचे खालच्यायचं आयकत नाही, खालचे कोनाचंच आयकत नाही."

"मंग पाणी बंद केलं तुम्ही?"

मोठ्या बाबांना ते लागलं. "बंद कसं करन? धान उभा होता! मागची पाळी चालू ठेवली."

"कोणाले विचारून?"

"विचारायचं काय त्यात? उभं धान मरू द्याचं का माणसानं?"

सरांनी बशीतला शेवटचा घोट घेतला आणि बशी खाली ठेवली. "मंग घरात उलटा कायदा काहून हाये, मोठे बाबा? या पोरीचं दोन वर्षांचं धान उभं हाये."

दाराआड आईनं माझा हात घट्ट धरला होता. सर तेवढ्यावर थांबतील तर ते सर कसले! त्यांनी जर्मनी काढली. सुरू झालेलं बांधकाम, अर्धी भिंत, पाऊस. आणि बोलता बोलता त्यांची नजर परसातल्या विहिरीवर गेली. त्यांनी फक्त पाहिलं. मोठ्या बाबांनीही तिकडे पाहिलं आणि चिडून म्हणाले, "जर्मनीवाले येतेत का आमच्या घरी रोवणा कराले?"

"ते नाही येत. मी येतो," सर म्हणाले.

"तुम्ही? प्रोफेसर?"

"माझ्या बापाच्या दोन बांध्या हायेत जी. अन् आता तर मी परदेशी मजूर. स्वस्तात पडतो."

पहिल्यांदा आजी हसली. मग बाबा. मोठे बाबा हसले नाहीत, पण त्यांनी तंबाखूची डबी सरांपुढे केली. ती ते कुणापुढेही करत नसत. बाबा तेव्हा वर न पाहता एकच वाक्य बोलले, "दादा, न्याहारी त देऊ पोरीले." त्या घरात बाबांनी मोठ्या भावासमोर माझ्यासाठी काढलेले ते पहिले शब्द मी ऐकले.

मोठ्या बाबांनी बराच वेळ तंबाखू मळला. "ठरलं काही नाही," ते शेवटी म्हणाले. "आयकलं का सारेयनं? ठरलं काही नाही. फक्त मागचं चालू."

आईनं पिठाच्या डब्यामागून पुस्तकं काढली.

सर पुढे तीन रविवार खरंच आले. बूट घरी ठेवून, धोतर खोचून, बायांच्या ओळीत वाकून त्यांनी रोवणा केला. हात असा चाले, की मोठे बाबा बांधावरून म्हणाले, "हा माणूस कॉलेजात वाया जाऊन राहिला."

मोठ्या बाबांनी मला शिकायची परवानगी दिली, असं मी म्हणू शकत नाही. ती त्यांनी कधीच दिली नाही. पुढच्या अक्षय तृतीयेला, शेवटचे पेपर बाकी असतानाही, माझा विषय निघाला आणि ठरल्याविना राहिला, म्हणून मागचं चालू राहिलं. माझी पदवी अशी पूर्णपणे लेखानुदानावर झाली. निकाल लागला त्या उन्हाळ्यात परसातल्या विहिरीवरच्या काट्याही निघाल्या आणि काम पुन्हा लागलं.

गुणपत्रिका घेऊन मी आणि बाबा सरांकडे गेलो. बाबांनी घरच्या चिन्नोर तांदळाची थैली खाली ठेवली आणि ताठ उभे राहून म्हणाले, "सर जी, ते बांधकाम झालं पुरं."

सरांनी गुणपत्रिका वाचली, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली. "पुरं कुठं झालं? आत्ताशी भिती उभ्या झाल्या. माळा बाकी हाये." आणि एमएचा अर्ज कुठे मिळतो, ते बाबांना सांगितलं. बाबा खूश झाले. या वेळी फारम होता.

सर निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभाला ते चपलेवर आले. मी म्हटलं, "सर, आज तरी बूट घालायचे." ते म्हणाले, "आज काही अडलेलं नाही." मग पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं काढून माझ्या हातात दिलं. "माझे बूट तुझ्या पायात येणार नाहीत. पण आपल्या मापाचे घेशील तेव्हा पॉलिश हेच वाप." आत अर्धी संपलेली पॉलिशची डबी आणि ब्रश होता. सर जाऊन आता काही वर्षं झाली. ब्रश अजून चांगला आहे.

मी त्याच तालुक्यात शिकवते. जुलैत हजेरी घेताना एखाद्या मुलीच्या नावाला तीन-चार दिवस उत्तर आलं नाही, तर मी नावावर काट मारत नाही. रविवारची वाट पाहते. मागच्या वर्षी अशीच एक मुलगी दिघोरीच्या पुढच्या गावची होती, म्हणून तिच्या घरी जाताना वाटेत माहेरी उतरले. मोठे बाबा आता फार थकले आहेत. विहिरीच्या कठड्याजवळ खाट टाकून पडलेले असतात, नजरही मंदावली आहे. मी अंगणात शिरले तशी त्यांनी मान वळवून माझ्या पावलांचा आवाज ऐकला.

"बूट घालून आली ना बाई?" ते म्हणाले. "आज कोनाचं धान उभं हाये?"